कॅनबेरातली दोन माणसं

श्रोतेहो, नमस्कार. डिसेंबर लागला. दिवसभर कापसाची वेचणी, आणि ज्यांची लाईन रात्रीची आहे ते हरभऱ्याला ओलीत करायला आता वावरात निघाले असतील. मोबाईलवर रेडिओ लावून बांधावर बसलेल्या त्या मंडळींना आजचं बोलणं जरा जवळचं वाटेल, कारण ते डिसेंबरच्या रात्रींचंच आहे.

महावीर चक्र हा युद्धातल्या शौर्याचा परमवीर चक्रानंतरचा सन्मान. तो दोनदा मिळालेली माणसं आपल्या देशात फक्त सहा. त्यातले जनरल अरुणकुमार वैद्य आपल्याला माहीत आहेत. वायुसेनेचे दोघे, जगमोहन नाथ आणि पद्मनाभ गौतम. दोघेही कॅनबेरा विमानाचे वैमानिक. नाथ शत्रूच्या मुलखावरून फोटो काढून आणत, गौतम बॉम्ब टाकून येत. आज गौतमांविषयी.

शाळेतल्या पोराला विमान काढायला सांगा, तो टोकदार नाकाचं लढाऊ विमानच काढेल. सिनेमावाल्यांचंही तसंच. बॉम्बर कोणी काढत नाही. कॅनबेरा दिसायला साधंच होतं. पंख रुंद, दोन्हीकडे एकेक जेट इंजिन. इंजिन सुरू करायला काडतूस फोडावं लागे, मग काळ्या धुराचा लोट उठे आणि इंजिन फिरू लागे. 1957 साली आपण ते इंग्लंडकडून घ्यायचं ठरवलं आणि थेट 2007 पर्यंत वापरलं.

त्याच्या पोटात हजार पौंडांचे सहा बॉम्ब मावत. एक बॉम्ब म्हणजे साधारण साडेचार क्विंटल. कोरडवाहूच्या एकरात, साल बरं असलं तर, तेवढा कापूस निघतो. आणि स्फोटकं म्हणजे काय, हे आमच्या देवळी तालुक्याला कोणी शिकवायला नको. 31 मे 2016 ला मध्यरात्रीनंतर पुलगावच्या दारूगोळा डेपोत आग लागली, तेव्हा भोवतालच्या गावांतली माणसं अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडली होती.

आता या विमानातली एक गोष्ट नीट ऐका. यात माणसं दोन. वैमानिक वर, काचेच्या घुमटाखाली. दुसरा नॅव्हिगेटर, म्हणजे वाट काढणारा, खाली नाकाच्या पोकळीत. वाट तो सांगणार, आणि बॉम्ब टाकायची वेळ आली की पालथा पडून नेम तोच धरणार. वैमानिकाच्या खुर्चीला स्फोटानं बाहेर फेकायची सोय होती. नॅव्हिगेटरला तशी खुर्चीच नव्हती. विमानाला गोळी लागली तर त्यानं पॅराशूट छातीला अडकवायचं, बाजूच्या दारापर्यंत सरकायचं आणि उडी मारायची. शंभरेक मीटर उंचीवरून चाललेल्या विमानातून, अंधारात! म्हणजे वैमानिकाच्या हाताशी जी सुटका होती ती शेजारच्या माणसाला नव्हती, आणि हे दोघांनाही ठाऊक असे. माझ्या मते बॉम्बर वैमानिकाची हिंमत मोजायची ती इथून. लढाऊ विमानातला वैमानिक एकट्याचा जीव पणाला लावतो. इथे जो निर्णय घ्यायचा तो दोघांच्या जिवाचा.

गौतमांना पहिलं महावीर चक्र मिळालं 1965 च्या युद्धात. तेव्हा ते स्क्वॉड्रन लीडर होते, कॅनबेरा उडवायला शिकवणाऱ्या तुकडीत. शिकवणारा माणूस स्वतःच पेशावरपर्यंतच्या मोहिमांवर गेला. 1971 मध्ये ते विंग कमांडर आणि 16 नंबरच्या स्क्वॉड्रनचे प्रमुख. प्रमुखानं नकाशापुढे उभं राहून दुसऱ्यांना धाडलं असतं तरी कोणी बोट ठेवलं नसतं.

3 डिसेंबरच्या संध्याकाळी युद्ध पेटलं. दत्तजयंती नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे चंद्र रोज थोडा उशिरा उगवणारा, पण उगवला की भरपूर उजेड. गौतमांनी स्क्वॉड्रन नेली मियांवालीच्या विमानतळावर. मियांवाली सिंधू नदीच्या काठी, अमृतसरपासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या वर. जवळच सकेसरच्या डोंगरावर पाकिस्तानचं रडार.

आमच्या पारावरच्या एका आजोबांनी मला विचारलं, "रातच्या अंधारात त्याले खालचं दिसते कसं बाप्पा?" प्रश्न बरोबर आहे. रडारची लहर सरळ जाते आणि पृथ्वी गोल आहे, म्हणून जमिनीलगत उडालं की विमान रडारला बराच वेळ सापडत नाही. पण इतक्या खाली वाट चुकायला क्षणही पुरतो. नॅव्हिगेटर घड्याळ, वेग आणि दिशा यांचा हिशेब करतो, आणि चांदण्यात चमकणारं नदीचं पात्र किंवा रेल्वेचे रूळ दिसले की तो हिशेब पडताळून घेतो. सीमा ओलांडल्यापासून मियांवालीपर्यंत अर्ध्या तासाच्या आसपास हेच चाललेलं.

खरी कसोटी शेवटच्या मिनिटात. बॉम्ब नेमका पडायचा तर विमान एका रेषेत, एका वेगानं, न हलता न्यावं लागतं. नेमक्या त्याच वेळी खालच्या तोफा सुरू होतात. जीव वाचवायला विमान वळवावंसं वाटतं आणि नेम धरणारा खालून सांगतो, सरळ, सरळ. मियांवालीला संरक्षण कडेकोट होतं. जमिनीवरून मारा होत असताना गौतमांनी कमी उंचीवरूनच हल्ला तडीस नेला. पुढे माँटगोमेरी ते रायविंड भागातल्या रेल्वे यार्डांवरही ते गेले. त्या युद्धात आपली काही कॅनबेरा परत आली नाहीत. गौतम परत आले आणि त्यांना दुसरं महावीर चक्र जाहीर झालं. वर्षभरातच, 1972 च्या नोव्हेंबरमध्ये, पुण्यात मिग-21 च्या अपघातात ते गेले.

नॅव्हिगेटरांनाही पदकं मिळाली, नाही असं नाही. पण त्यांची नावं घ्यायला सांगितलं तर आपण अडतो.

आपल्या भागात वायुसेनेतून निवृत्त झालेले बरेच जण आहेत. नागपुरात तर वायुसेनेच्या देखभाल विभागाचं मुख्यालयच आहे. तुमच्या गावात असा कोणी काका असेल, तर विमानाला बॉम्ब कसा लावतात ते त्याला विचारा. हाताखाली किती जण लागत आणि थंडीच्या रात्री तो लोखंडाचा गोळा कसा चटका देई, हे तोच सांगू जाणे. जमल्यास ऐकलेलं कागदावर लिहून आम्हाला पाठवा, इथेच वाचून दाखवू. नमस्कार.