पाच-तीस : भरतीच्या मैदानावरची पोरं

(दृश्य : अंधार. मातीच्या ट्रॅकवर धावणारे पाय. शिट्टी.)

"किती काढतोस?"

नागपूरच्या मैदानांवर पहाटे हा प्रश्न ऐकू आला, तर तो दहावी-बारावीच्या मार्कांबद्दल नसतो. उत्तरही टक्क्यांत येत नाही. "पाच-बावन, सर." "पाच-चाळीस." एखादा हळूच म्हणतो, "पाच-अठ्ठावीस," आणि बाकीचे माना वळवून त्याच्याकडे बघतात.

१६०० मीटर. चारशेच्या ट्रॅकवर चार राउंड. ५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत आलात तर ६० गुण. त्याच्या वर गेलात, तर ४८, आणि पुढे उतरतच जातं. धावण्याचे साठ आणि बीमचे, म्हणजे आडव्या दांड्यावरच्या पुलअप्सचे चाळीस, असे मैदानाचे शंभर. सैन्यात चार वर्षांसाठी घेतला जाणारा शिपाई म्हणजे अग्निवीर; त्यातल्या जनरल ड्यूटीची तयारी करणाऱ्या पोराचं वर्ष या दोन आकड्यांभोवती फिरतं.

(दृश्य : ट्रॅकच्या वळणावर पोरांचा घोळका, उजाडतंय.)

निळ्या टी-शर्टातला पोरगा पारशिवनीचा. त्याच्या मागचा कुही तालुक्यातला, घरी तीन एकर कोरडवाहू. अनवाणी धावतोय तो गोंदियाचा. बूट नाहीत असं नाही. आहेत, नवेकोरे, खोलीवर डब्यात. ते त्यानं 'भरतीच्या दिवशीसाठी' ठेवलेत. नवे बूट त्याच दिवशी चावतील, हे सर त्याला रोज सांगतात. तो रोज "हो सर" म्हणतो आणि अनवाणी येतो.

नागपुरात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. आठनंतर मैदानावर उभं राहणं कठीण, म्हणून पावणेपाचला हजेरी. खोलीवर चौघे-पाचजण मिळून राहतात, रात्री वाटीभर हरभरे भिजत घालतात. पळून झालं की तेच हरभरे, गूळ आणि जमलं तर केळी. तर्री पोहे आठवड्यातून एकदा, रविवारी, आणि तेही सर बघत नसताना.

५-३० काढायचे तर प्रत्येक राउंड ८२ सेकंदांत यायला हवा. ऐकायला सोपं आहे. पण पहिला राउंड ही पोरं जोशात सत्तर सेकंदांत मारतात, दुसरा कसाबसा निभतो, आणि तिसऱ्यात पायात शिसं भरतं. चौथ्यात माणूस घर दिसल्यासारखा धावतोच. भरती खरी जाते ती तिसऱ्या राउंडमध्ये. म्हणून हे सर, जे स्वतः सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, स्टॉपवॉच घेऊन फिनिश लाइनवर नाही, तिसऱ्या राउंडच्या वळणावर उभे असतात.

"पयल्या राउंडात हिरो नको बनू बे! तिसऱ्यात दिसशील मले!"

(दृश्य : बीम. तळहातांचा क्लोजअप.)

हे हात बघा. बोटांच्या मुळाशी घट्टे, एक फुटलेला, त्यावर खोबरेल तेल. बीमला दहा पुलअप्स मारले तर ४०. नऊला ३३, आठला २७, सातला २१, सहाला १६. सहाच्या खाली घरी. कंबर झुलवून हनुवटी वर नेली तर ती मोजत नाहीत. या मैदानावर तो नियम पहिल्या दिवसापासून लागू आहे, त्यामुळे नव्यानं आलेला धट्टाकट्टा पोरगासुद्धा पहिल्या दिवशी तीनवर लटकलेला दिसतो. हसत कोणी नाही. सगळे तिथूनच वर आलेत.

नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स यांना गुण नाहीत, फक्त पार करायचं असतं. म्हणूनच पोरं त्याचा सराव टाळतात.

(दृश्य : सीताबर्डीचा किल्ला, २६ जानेवारी. रांग.)

आता थोडं मागे जाऊ. कारण विदर्भात एक समज पक्का बसलाय : फौज म्हणजे साताऱ्या-कोल्हापूरची गोष्ट. साताऱ्याचं अपशिंगे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून महाराष्ट्रभर ओळखलं जातं, ते रास्तच आहे. पण नागपूरकरांच्या उशाशी काय आहे, हे नागपूरकरच विसरलेत.

बर्डीवर खरेदीला येणाऱ्या प्रत्येकानं हा किल्ला पाहिलाय, खालून. वर जाता येतं ते वर्षातल्या मोजक्या दिवशी : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. एरवी इथे प्रादेशिक सेनेची तुकडी असते. नोव्हेंबर १८१७ मध्ये याच टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनीची पलटण भिडली. भोसल्यांची माणसं कितीतरी जास्त होती. तरी हरले. तालीम कमी पडली, असं माझं मत. इतिहासकारांनी खुशाल भांडावं.

त्यानंतर काही वर्षांतच इंग्रजांनी कन्हान नदीच्या काठाला कामठीची छावणी वसवली.

(दृश्य : कामठी रस्ता, छावणीची भिंत, झाडं. बाहेरूनच.)

आत कॅमेरा नेता येत नाही, त्यामुळे जे दिसतंय ते एवढंच. नागपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटर. इथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. १९४९ मध्ये जनरल करिअप्पांनी उभी केलेली ही रेजिमेंट. जात, धर्म, प्रांत न बघता सगळ्या देशातली पोरं एकाच तुकडीत, हा प्रयोग पायदळात या रेजिमेंटपासूनच सुरू झाला. 'पहला हमेशा पहला' हे तिचं ब्रीद. १९७१ च्या युद्धात गंगासागरला ज्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं, ते लान्स नायक अल्बर्ट एक्का १४ गार्ड्सचे. आजच्या झारखंडातल्या आदिवासी घरातला पोरगा. एन.सी.सी. शिकवणाऱ्या शिक्षकांना घडवणारी अकादमीही कामठीतच आहे. आणि नागपूर शहरात वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय.

पण कामठीची एक गोष्ट याहून जवळची आहे, आणि ती नीट सांगितली जात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी 'लढाऊ जमाती'चा सिद्धान्त काढला आणि पिढ्यानपिढ्या पलटणीत असलेल्या महारांची भरती बंद केली. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, ते त्या आधीच्या काळातले. बंदीविरुद्ध अर्ज झाले, विनंत्या झाल्या. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार्स ही पलटण उभी केली गेली. युद्ध संपलं, गरज संपली, १९२१ मध्ये ती मोडली. दुसरं महायुद्ध आलं. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांनी पुन्हा रेजिमेंटची मागणी लावून धरली आणि आपल्या माणसांना सैन्यात जायला सांगितलं. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली.

दुसरी उभी राहिली ती इथे. कामठीत.

ज्यांना 'तुम्ही लढाऊ नाही' असं सरकारी कागदावर लिहून दिलं होतं, त्यांनी याच मातीवर कवायत केली. पुढे १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या कामगिरीसाठी मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं, ते ८ महारचे. विदर्भातल्या कुठल्याही पोरानं 'आपल्याकडं फौजेची परंपरा नाही' असं म्हटलं, की मी त्याला कामठी रस्त्याला लावतो.

(दृश्य : अभ्यासिका, रात्र. ट्यूबलाइट, डोकी पुस्तकात.)

२०२३ पासून क्रम उलटा झालाय. पूर्वी आधी मैदान, मग लेखी. आता आधी संगणकावरची परीक्षा आणि त्यात निवडलेल्यांनाच मैदान. जनरल ड्यूटीला तासाभरात ५० प्रश्न, १०० गुण : सामान्य ज्ञान, विज्ञान, गणित, रीझनिंग. चुकलं की गुण कापतात. २०२५ पासून मराठीतूनही देता येते. याचा खेड्यातल्या पोरांना किती फायदा होतो, ते या टेबलावर दिसतं : 'अपूर्णांक' म्हटलं की लगेच कळतं, 'फ्रॅक्शन' म्हटलं की गाडी अडते.

बरेच पोट्टे पायानं तयार असतात आणि इथेच अडकतात. सकाळी दोन तास पळायचं आणि रात्री मोबाइल, असं चालणार नाही हो.

(दृश्य : प्लास्टिकची फाइल, एकेक कागद बाहेर.)

दहावीची मार्कशीट, बोर्डाचं प्रमाणपत्र, डोमिसाइल, जातीचा दाखला, चारित्र्याचा दाखला, आधार. पळून आलेला, बीम मारलेला पोरगा कागदावर अडकतो, कारण आधारवर बापाच्या नावात 'राव' आहे आणि मार्कशीटवर नाही. दुरुस्तीला सेतू केंद्रात जा, मग तहसीलला जा, मग शाळेत जा, तिथले हेडमास्तर रजेवर. या कामाला महिने लागतात. म्हणून सर मैदानावर नवीन येणाऱ्याला पहिल्या आठवड्यात पळायला कमी लावतात आणि फाइल आधी बघतात.

(दृश्य : दंडावरचा टॅटू.)

आणि हा. दंडावर शिवाजी महाराज गोंदवलेत. सुरेख काम आहे. पण कायमचा टॅटू चालतो तो हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट, किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला. आदिवासी समाजांना त्यांच्या रूढीप्रमाणे गोंदणाची सवलत आहे, गडचिरोलीच्या पोरांनी घाबरायचं कारण नाही. याच्यासाठी मात्र दार बंद. त्यानं हे शूटिंगच्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पुढचा काही वेळ कॅमेरा त्याच्यावरच आहे.

कानातला मळ, सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणं, रंग न ओळखता येणं. मेडिकलला जी पोरं बाद होतात, त्यातली काही तरी वर्षभर आधी साध्या डॉक्टरकडे गेली असती तर वाचली असती. आणि एक सांगून ठेवतो : सैन्यभरतीला पैसे लागत नाहीत. 'साहेबांची ओळख आहे, दोन लाखांत काम करून देतो' म्हणणारा माणूस दलाल आहे. ताकदीची इंजेक्शनं विकणाराही तसलाच.

(दृश्य : मुलींचा गट, एन.सी.सी.चा गणवेश, कवायत.)

या मुलींनी आम्हाला विचारलं, आमचं शूटिंग शेवटी का? प्रश्न बरोबर आहे. मिलिटरी पोलीसमध्ये महिला अग्निवीर घेतात. तेच १६०० मीटर, साडेसात मिनिटांत आलं तर सगळ्यात वरचा गट. दहा फूट लांब उडी, तीन फूट उंच उडी. २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एन.डी.ए.चं, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं दारही मुलींना उघडलं, आणि पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. अधिकारी व्हायचंय त्यांनी आठवी-नववीतच डोळे उघडावेत. चंद्रपूरला सैनिक शाळा आहे, नाशिकला मुलींसाठी सेवापूर्व संस्था. एन.सी.सी.चं 'सी' सर्टिफिकेट हातात असलं, तर भरतीत वाढीव गुण मिळतात. कॉलेजात ते पथक असूनही पोरं तिकडे फिरकत नाहीत, याचं मला खरंच नवल वाटतं.

(दृश्य : घराचं अंगण. आई सुपात तांदूळ निवडतेय.)

अग्निपथ योजना जून २०२२ ची. चार वर्षं, पहिल्या वर्षी महिना ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार, त्यातले ३० टक्के निधीत कापून. चार वर्षांनी बॅचमधले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात, बाकीचे साधारण ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी घेऊन परत येतात. पेन्शन नाही. ४८ लाखांचा विमा आहे. परतणाऱ्यांसाठी केंद्रीय पोलीस दलांत राखीव जागा जाहीर झाल्यात.

आईला हे सगळं माहीत आहे.

"चार वर्षं तर चार वर्षं. इथं राहून तरी काय करून रायला होता?"

(दृश्य : मैदान, दिवस वर आलेला. वही, पेन.)

सुभेदार साहेबांच्या वहीत नवीन नावं लिहिली जातायत. ते आधी जन्मतारीख विचारतात. योजना आली तेव्हा वय साडेसतरा ते एकवीस ठरलं होतं, जाहिरातीत दरवर्षी नीट वाचून घ्यायचं. उंची मोजतात : महाराष्ट्राला १६८ सेंटिमीटर, आदिवासी उमेदवारांना सवलत. छाती ७७, फुगवून पाच जास्त. मग मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवतात.

आज आलेल्या सोळा वर्षांच्या पोराला त्यांनी परत पाठवलं नाही. दीड वर्ष आहे हातात, म्हणाले, दुरुस्ती आजच टाक, आणि उद्या पावणेपाचला ये. बूट जुने आण.