जॉर्जिया : मते कोणाची आणि ती मोजली कशी

मित्रहो, अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे साहजिकच मार्टिन ल्यूथर किंग, बसवरचा बहिष्कार आणि मोर्चे यांच्याकडे वळते. किंग मूळचे अटलांटाचे, म्हणजे जॉर्जियाचेच, त्यामुळे ते वळणे रास्तही आहे. आज मात्र मला त्याच राज्यातील एका रुक्ष वाटणाऱ्या विषयावर बोलायचे आहे, आणि तो म्हणजे मतमोजणी. माझे म्हणणे असे की, जॉर्जियाचे राजकारण गेल्या ऐंशी वर्षांत बदलले ते प्रामुख्याने मते मोजण्याचे नियम बदलल्यामुळे. माणसांची मने त्या मानाने फार सावकाश बदलली.

जॉर्जियात १५९ काउंट्या आहेत, आणि सरासरी काढली तर एक काउंटी आपल्या एखाद्या तालुक्याएवढी भरते. यादवी युद्धानंतरची पुनर्रचना, म्हणजे पराभूत दक्षिणेकडील राज्ये पुन्हा संघराज्यात सामावून घेण्याचा काळ, संपल्यावर राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाचे एकछत्री राज्य होते, त्यामुळे त्या पक्षाची उमेदवारी ज्याला मिळे तो निवडून आल्यातच जमा असे. ही उमेदवारी ठरवण्यासाठी जी प्राथमिक निवडणूक होई, तिच्यासाठी १९१७ साली कायद्याने काउंटी युनिट पद्धत लागू करण्यात आली. सर्वांत मोठ्या आठ काउंट्यांना प्रत्येकी ६, त्यांच्या खालच्या तीस काउंट्यांना प्रत्येकी ४ आणि उरलेल्या १२१ काउंट्यांना प्रत्येकी २ युनिट मते अशी ती वाटणी होती. काउंटीत जो पहिला येईल त्याच्या पदरात तिची सगळी युनिट मते पडत. १९६० च्या जनगणनेत अटलांटा शहर ज्या फुल्टन काउंटीत येते तिची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या वर होती आणि एकोल्स काउंटीची १,८७६. एकोल्सएवढ्या तीन काउंट्या एकत्र आल्या की अख्ख्या फुल्टनची बरोबरी होई. एकोल्समधील एका रहिवाशाचे वजन फुल्टनमधील ९९ रहिवाशांइतके आहे, असा हिशेब पुढे न्यायालयापुढे मांडला गेला.

या पद्धतीचा खरा लाभ खेड्यातील सामान्य शेतकऱ्याला झाला असे समजण्याचे कारण नाही. लहान काउंटीत शेरीफ, न्यायाधीश, एखादा बडा जमीनदार किंवा सावकारी करणारा दुकानदार अशी चार-दोन वजनदार माणसे हाताशी धरली की काम भागत असे. विजारीला लाल गॅलस (खांद्यावरून जाणारे पट्टे) लावून भाषणे ठोकणारे युजीन टालमाज हे या राजकारणाचे पक्के खेळाडू. ज्या काउंटीत ट्राम धावत नाही ती कोणतीही काउंटी आपण जिंकू शकतो, अशी त्यांची बढाई प्रसिद्ध आहे, आणि ती पोकळ नव्हती.

१९४६ साल या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखे आहे. प्राथमिक निवडणुकीत केवळ गोऱ्यांनीच मत द्यायचे हा नियम त्या वर्षी संपला. कोलंबस शहरातील प्रायमस किंग हे न्हाव्याचा व्यवसाय करणारे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक १९४४ च्या ४ जुलैला मतदान करण्यासाठी कोर्टाच्या इमारतीत गेले, तेथून त्यांना बाहेर काढण्यात आले, आणि त्यांनी लढवलेल्या खटल्यामुळे हे दार उघडले. एक लाखाहून अधिक कृष्णवर्णीयांनी मतदार म्हणून नावे नोंदवली. गव्हर्नरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत जेम्स कारमायकल यांना टालमाज यांच्यापेक्षा सुमारे १६ हजार मते जास्त पडली, पण युनिटांच्या हिशेबात टालमाज २४२ आणि कारमायकल १४६. विजयी टालमाज!

पुढे जे घडले ते एखाद्या वगनाट्यात शोभावे असे आहे. टालमाज आजारी होते, आणि पदग्रहणापूर्वीच डिसेंबरमध्ये ते वारले. त्यांच्या प्रकृतीची कल्पना असल्याने काही समर्थकांनी नोव्हेंबरच्या मतदानात मतपत्रिकेवर त्यांच्या मुलाचे, हर्मनचे, नाव हाताने लिहून ठेवले होते. अशा रीतीने मते मिळालेल्या पहिल्या दोघांतून विधिमंडळाने गव्हर्नर निवडावा, असा अर्थ राज्यघटनेतून काढण्यात आला. मोजणीत हर्मन तिसरे निघाले. तेवढ्यात टालमाज घराण्याच्याच टेलफेअर काउंटीतून नजरचुकीने राहून गेलेली ५८ मते सापडली आणि ते पहिले झाले. या मतदारांपैकी पुष्कळ जणांनी वर्णानुक्रमाने रांग लावून मत दिल्याचे, आणि काहींनी तर थडग्यातून येऊन दिल्याचे, अटलांटाच्या एका वृत्तपत्राने पुढे उघडकीस आणले. जानेवारी १९४७ मध्ये विधिमंडळाने हर्मन यांना निवडले. मावळते गव्हर्नर एलिस अर्नाल जागा सोडायला तयार नव्हते. कार्यालयाची कुलपे बदलली गेल्यावर त्यांनी विधानभवनातील चौकशीच्या खिडकीवर ठाण मांडले. नवनिर्वाचित उपगव्हर्नर एम. ई. थॉम्पसन यांनी तिसरा दावा सांगितला. राज्याची मुद्रा कोणाच्या कागदावर उमटवायची हा पेच पडलेले राज्यसचिव बेन फॉर्टसन यांनी ती आपल्या चाकाच्या खुर्चीतील गादीखाली दडवली आणि ते तिच्यावर बसून राहिले. मार्चमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने थॉम्पसन यांच्या बाजूने निकाल दिला. त्या सगळ्या गोंधळात शहाणपणाने वागलेला माणूस मला विचाराल तर फॉर्टसन.

युनिट पद्धत मात्र त्यानंतरही पंधरा वर्षे टिकली. विधिमंडळ लहान काउंट्यांच्याच हाती असल्यामुळे ते स्वतःचा पाय कापून घेण्याची शक्यता नव्हती, आणि हा राजकीय प्रश्न आहे असे सांगून न्यायालये हात झटकत असत. १९६२ च्या मार्चमध्ये टेनेसीच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका सोडली आणि जॉर्जियातील अर्जदार लगोलग न्यायालयात उभे राहिले. खालच्या न्यायालयाने युनिट पद्धत रोखली. त्या वर्षीच्या प्राथमिक निवडणुकीत साधी मते मोजली गेली आणि कार्ल सँडर्स यांनी कट्टर वर्णभेदवादी मार्विन ग्रिफिन यांचा पराभव केला. सर्वोच्च न्यायालयात केंद्र सरकारची बाजू मांडायला महाधिवक्ता रॉबर्ट केनेडी स्वतः उभे राहिले. १८ मार्च १९६३ रोजी आठ विरुद्ध एक मताने निकाल लागला. राजकीय समतेचा अर्थ एकच, एक व्यक्ती, एक मत, असे न्यायमूर्ती डग्लस यांनी त्यात नमूद केले.

त्याच सुमारास राज्याच्या सिनेटचीही, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचीही, फेररचना करावी लागली, आणि दोन माणसे आत आली. एक लिरॉय जॉन्सन, अर्धशतकाहून अधिक काळानंतर जॉर्जियाच्या विधिमंडळात पोहोचलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य. दुसरे प्लेन्स गावचे भुईमुगाचे व्यापारी जिमी कार्टर. क्विटमन काउंटीतील एका मतपेटीत मतदारांपेक्षा मतपत्रिका जास्त निघाल्याचे सिद्ध करूनच कार्टर यांना ती जागा मिळवावी लागली.

यावरून पुढचा प्रवास सरळ झाला असे वाटेल, पण तसे नाही. १९६४ साली निवडणूक कायद्यात निम्म्याहून अधिक मते अनिवार्य करून दुसऱ्या फेरीची तरतूद करण्यात आली. तिचा आग्रह धरणारे डेन्मार्क ग्रूव्हर वर्णभेदाचे समर्थक होते, आणि आपल्या मनात कृष्णवर्णीय मतदारांची एकगठ्ठा मते होती हे त्यांनी पुढे कबूलही केले. (अधिवेशनाची वेळ संपू नये म्हणून सज्जातून लोंबकळत सभागृहाचे घड्याळ पाडणारे सदस्य ते हेच.) १९६६ मध्ये गव्हर्नरपदाच्या कोणाही उमेदवाराला बहुमत मिळाले नाही. गव्हर्नरची निवड राज्यघटनेतील जुन्या नियमानुसार विधिमंडळाकडे गेली, आणि सर्वाधिक मते घेतलेल्या रिपब्लिकन उमेदवाराला डावलून लेस्टर मॅडॉक्स गव्हर्नर झाले. आपल्या खाणावळीत जेवायला आलेल्या कृष्णवर्णीयांना पिस्तूल दाखवून हाकलणारे म्हणून त्यांची ख्याती होती. चार वर्षांनी त्यांच्या जागी आलेल्या कार्टर यांनी जानेवारी १९७१ च्या पदग्रहणाच्या भाषणात वंशभेदाचा काळ संपला असल्याचे जाहीर केले, आणि १९७३ मध्ये अटलांटाने मेनार्ड जॅक्सन या कृष्णवर्णीय नेत्याला महापौर म्हणून निवडले.

गोऱ्या मतदारांनी पक्ष बदलला ही या कहाणीची दुसरी बाजू. ती मी थोडक्यात आटोपतो. २००१ साली गव्हर्नर रॉय बार्न्स यांनी राज्याच्या ध्वजावर १९५६ पासून मिरवणारे बंडखोर दक्षिणेचे युद्धचिन्ह आक्रसून टाकले. पुढच्याच वर्षी ते हरले आणि पुनर्रचनेच्या काळानंतर प्रथमच रिपब्लिकन गव्हर्नर आला. हरण्याला इतर कारणेही होती, पण ध्वजाचा राग खरा होता.

उपनगरांविषयी थोडे अधिक बोलावे लागेल, कारण तेथे आपलीही माणसे राहतात. अटलांटाच्या उत्तरेस फोरसाइथ काउंटी आहे. १९१२ साली तेथून सुमारे अकराशे कृष्णवर्णीयांना धाकदपटशाने पिटाळून लावण्यात आले, त्यांच्या जमिनी गेल्या, आणि पुढे पाऊणशे वर्षे ती काउंटी जवळपास निव्वळ गोरी राहिली. जानेवारी १९८७ मध्ये नागरी हक्क चळवळीतील नेते होझिया विल्यम्स यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या लहानशा मोर्चावर तेथे दगडफेक झाली. आठवड्याने हजारो लोक पुन्हा चालून गेले. आज तेथे माहिती तंत्रज्ञानात नोकरी करणारी असंख्य भारतीय कुटुंबे घरे घेऊन आहेत, त्यांत मराठी कुटुंबे आहेत, आणि लोकसंख्या १९८० च्या अठ्ठावीस हजारांवरून अडीच लाखांवर गेली आहे. चांगल्या शाळा पाहून तेथे जाणाऱ्या आपल्या मंडळींनी त्या जमिनीचा इतिहासही जाणून घ्यावा, असे मला वाटते. ती काउंटी अजूनही रिपब्लिकन पक्षालाच मते देते, पण शेजारची ग्विनेट काउंटी २०१६ पासून डेमोक्रॅटिक बाजूस झुकली.

२०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत बायडन यांना जॉर्जियात ११,७७९ मतांची आघाडी मिळाली. सुमारे पन्नास लाख मतपत्रिका हातांनी मोजल्या गेल्या, मग यंत्रांनी पुन्हा मोजल्या गेल्या, तरी विजेता बदलला नाही. २ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांनी निवडणुकांचा कारभार पाहणारे राज्यसचिव ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना दूरध्वनी करून आपल्याला ११,७८० मते शोधायची आहेत असे सांगितले. टेलफेअरची ५८ मते ज्यांना ठाऊक आहेत त्यांना तो ‘शोधणे’ शब्द नवा वाटला नसेल. रॅफेन्सपर्गर स्वतः रिपब्लिकन होते, आणि त्यांनी नकार दिला. तीनच दिवसांनी अमेरिकेच्या सिनेटमधील जॉर्जियाच्या दोन जागांची दुसरी फेरी झाली. नोव्हेंबरात ४९.७ टक्के मते घेऊन पुढे असलेले रिपब्लिकन डेव्हिड पर्ड्यू तीत एका जागेवर हरले, आणि दुसऱ्या जागेवर किंग यांच्याच एबेनेझर चर्चचे पाद्री राफेल वॉर्नॉक जॉर्जियाचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. ग्रूव्हर यांनी रचलेला नियम असा उलटला. त्याच वर्षी विधिमंडळाने नवा कायदा करून दोन फेऱ्यांमधील नऊ आठवड्यांचे अंतर चारवर आणले आणि राज्यसचिवांना निवडणूक मंडळाच्या अध्यक्षपदावरून दूर केले. याच मंडळाने २०२४ मध्ये प्रत्येक मतदान केंद्रावर मतपत्रिका हातांनी मोजण्याचा नियम केला. न्यायालयाने तो मतदानापूर्वीच थांबवला, आणि असा नियम करण्याचा अधिकार मंडळाला नाही, असा निर्वाळा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये दिला.