घरी कसे गेलात? : आश्रयाच्या मुलाखतीची तयारी

श्रोतेहो, नमस्कार.

माझी वकिली इथलीच, सोलापूरच्या कोर्टातली. जमिनीचे वाद, पोटगी, भाडेकरू यांतच हयात गेली. पण अलीकडे लग्नकार्यात कुणी ना कुणी बाजूला घेतं आणि विचारतं, "वकीलसाहेब, आमच्या पोरानं तिकडं असायलम टाकलंय. इंटरव्ह्यूला बोलावलंय म्हणतो. काय विचारतात हो त्यात?" (असायलम म्हणजे परदेशी सरकारकडं मागितलेला आश्रय.) मग जरा थांबून, "एजंटनं स्टोरी लिहून दिलीय. पाठ करायला लावलीय."

पंजाब-गुजरातइतकं हे वेड आपल्याकडं नाही, पण अगदीच नाही असंही नाही. 5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून 104 भारतीय अमृतसरला आणून उतरवले, त्यांत तिघं महाराष्ट्रातले होते. ते कसे गेले, का गेले, त्यात मी शिरत नाही. पाठ केलेल्या स्टोरीचं मुलाखतीच्या खोलीत काय होतं, आणि ज्याच्यावर खरोखर प्रसंग गुदरलाय त्यानं तयारी कशी करावी, एवढंच आज सांगतो.

आधी कायदा, थोडक्यात. 1951 चा जिनिव्हाचा निर्वासित करार आणि 1967 चा त्याचा पूरक करार, यांवर हे सगळं उभं आहे. भारतानं त्यांवर सही केलेली नाही, पण अमेरिका, ब्रिटन, कॅनडा यांचे कायदे त्याच साच्यातले. त्यांचा प्रश्न असा असतो की, मायदेशी परत गेलात तर तुमचा छळ होईल ही भीती साधार आहे का, आणि तो छळ वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या सामाजिक गटातलं असणं किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळं होणार आहे का? कर्ज, बेकारी, दुष्काळ, बंद पडलेली गिरणी यात बसत नाही. भावकीनं बांधावरून डोकं फोडलं, तेही एवढ्यावर बसत नाही. पोटासाठी परदेशी जाण्यात कमीपणा काहीच नाही, पण त्या अर्जाची खिडकी वेगळी आहे.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून आपल्याच गावात येऊ. मे 1930. गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं, 8 मे ला गोळीबार झाला, पाठोपाठ मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, आला. झेंडा मिरवला म्हणून लोक तुरुंगात गेले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे या चौघांना पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो, तेच हे. आता समजा, त्या दिवसांत इथला एखादा गिरणी कामगार निसटून पाँडिचेरीला पोचला. पाँडिचेरी फ्रेंचांची; अरविंद घोष 1910 मध्ये असेच तिथं गेले होते. तेव्हा असा करार नव्हता, पण समजा आजच्यासारखा एक अधिकारी टेबलापलीकडं बसलाय.

अधिकारी म्हणेल, "काय झालं ते सांगा." आपला माणूस म्हणेल, "सोलापुरात मार्शल लॉ लागलाय, माणसं धरून नेतायत." अधिकारी म्हणेल, "ते वर्तमानपत्रात वाचलं. तुम्हाला काय झालं?"

पहिली ठेच इथंच लागते. गावावर अन्याय झाला हे सांगून भागत नाही. तो तुमच्या उंबऱ्यापर्यंत कसा आला, ते सांगावं लागतं. मग तो म्हणेल, "मी मिरवणुकीत झेंडा धरला होता. नंतर माझ्या घराची झडती झाली." पुढचा प्रश्न, "झेंडे धरणारे पुष्कळ होते. तुमचंच नाव पोलिसांना कसं कळलं?" खरा माणूस इथं अडखळत नाही. तो म्हणतो, "आमच्या खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम. त्याचं नि माझं आधीपासून वाकडं होतं, त्यानंच सांगितलं." उत्तर लहान आहे, पण ते विकत मिळत नाही.

मग कठीण प्रश्न येतो. "सरकारी कागदात तर दंगल आणि खून लिहिलंय. राजकारणाचा शब्दही नाही. तुम्ही आरोपी आहात की छळाचे बळी?" जगातलं कुठलंच सरकार आरोपपत्रात "याचं मत आम्हाला आवडत नाही" असं लिहीत नाही. म्हणून कागद लपवायचा नसतो; तो समोर ठेवायचा आणि त्यामागं काय घडलं ते सांगायचं. खटला कसा चालला, साक्षी कुणाच्या होत्या, त्याच गुन्ह्यात इतरांना काय शिक्षा झाली, हे सगळं. मात्र ज्यानं राजकारणाशी संबंध नसलेला गंभीर गुन्हा खरोखर केलाय, त्याला हा करार दार उघडत नाही, हेही ऐकून ठेवा.

अजून एक राहिलं. "सोलापूर सोडलंत ते ठीक. पण इतक्या लांब का? तुळजापूर शेजारीच, तेही निजामाच्या हद्दीत. तिथं का नाही राहिलात?" आपला माणूस म्हणेल, "निजामाच्या राज्यातही रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, इंग्रजांचाच बसलाय. त्यानं मागितलं की धरून देतील."

आजच्या भारतीय अर्जदाराची केस पुष्कळदा या एका प्रश्नावर पडते. पुण्याला का नाही गेलात? बेंगळुरूला का नाही? एवढा मोठा देश आहे. "तिथं माझं कुणी नाही" हे उत्तर पुरत नाही. तुमच्या मागावर असलेला माणूस किंवा यंत्रणा तिथपर्यंत पोचते का, आधी कधी पोचली होती का, हे सांगावं लागतं. त्याचा जुळा प्रश्न म्हणजे पोलिसांत गेलात का? गेला असाल तर काय झालं, नसाल तर का नाही? 2024 मध्ये ब्रिटननं भारताला सुरक्षित देशांच्या, म्हणजे जिथं सहसा छळाचा धोका नाही असं धरतात त्या देशांच्या, यादीत घातलं. 2025 मध्ये युरोपीय आयोगानं तसाच प्रस्ताव मांडला. तेव्हा भारतीय माणसाला हे दोन प्रश्न आता आणखी धारदारपणे विचारले जाणार, हे धरून चाला.

आता एजंटच्या स्टोरीकडं येऊ. ती बहुधा अशी असते: अमुक तारखेला विरोधी पक्षाच्या चौघांनी रस्त्यात गाठलं, काठ्यांनी मारलं, पोलिसांनी तक्रार घेतली नाही, दुसऱ्या महिन्यात पुन्हा मारलं, म्हणून देश सोडला. पाठांतर चोख असतं. अधिकारी ऐकून घेतो, लिहून घेतो आणि मग सहज विचारतो, "मार खाल्ल्यावर घरी कसे गेलात?"

शांतता.

कारण स्टोरी लिहिणाऱ्यानं मार लिहिला, घरी जाणं लिहिलं नाही. रिक्षा होती की कुणाच्या मोटरसायकलवर मागं बसलात? शर्ट फाटला होता तर त्याचं काय केलंत? दार कुणी उघडलं? आई पहिल्यांदा काय म्हणाली? दवाखान्यात टाके पडले तेव्हा पैसे कुणी भरले? ज्याला खरंच मार बसलाय त्याला तारीख सांगता येणार नाही कदाचित, पण दार बहिणीनं उघडलं आणि तिच्या हाताला पीठ होतं, हे तो सांगेल. मी आयुष्यभर साक्षीदार तपासले आहेत. खोटा साक्षीदार मुख्य घटनेत पक्का असतो आणि आजूबाजूला पोकळ असतो. खऱ्याचं पुष्कळदा उलटं असतं.

अर्थात खऱ्या माणसाचीही चूक होते, आणि तिची भीती वाटणं साहजिक आहे. ब्रिटनमध्ये आश्रय आधीच मिळालेल्या कोसोव्हो-बोस्नियाच्या निर्वासितांना तेच प्रसंग दोनदा विचारून पाहिले होते. त्याचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. खोटं बोलण्याचं त्यांना काही कारणच नव्हतं. तरी दोन वेळच्या सांगण्यात फरक पडला, विशेषतः बारीकसारीक तपशिलांत. म्हणजे विसंगती दिसली की माणूस खोटारडा, हे खरं नाही. पण अमेरिकेत 2005 पासूनचा कायदा असा आहे की, केसच्या मुख्य मुद्द्याशी संबंध नसलेली विसंगतीही अधिकारी विचारात घेऊ शकतो. म्हणून तयारी लागते.

ही तयारी म्हणजे पाठांतर नव्हे. पहिलं काम, स्वतः भरलेला अर्ज पुन्हा वाचा. हसू नका, कितीतरी जणांनी तो वाचलेलाच नसतो. अर्ज दुसऱ्यानं भरला, यांनी सही केली. अर्जात मार्च आणि तोंडून जून आलं की पुढचा अर्धा तास त्यातच जातो. वाचताना चूक सापडली तर वकिलाला सांगा आणि मुलाखतीच्या सुरुवातीलाच आपणहून दुरुस्त करा. आपण सांगितलेली चूक आणि त्यांनी पकडलेली चूक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तारखांचं म्हणाल, तर आपल्याकडं कितीजण कॅलेंडरनं जगतात? "गड्ड्याची जत्रा संपली होती", "आषाढीच्या आदल्या आठवड्यात", "किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी", असं आपण सांगतो. तसंच सांगा, आणि गड्ड्याची जत्रा म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा, हेही लगेच सांगा. अंदाज असेल तर अंदाज म्हणा. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. ऐन वेळी ठोकून दिलेली तारीख पुढं तुमच्याच मानेवर बसते. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. "हो हो" म्हणत मान डोलवण्याची आपली सवय तिथं घातक आहे, कारण प्रश्न न कळता नुसती मान डोलावलीत तरी नोंद "होय" अशी होते.

घरी सराव करायचा तर जाणत्या माणसाला समोर बसवा आणि घटना शेवटून सुरुवातीकडं विचारायला सांगा. किंवा मधूनच कुठूनही. यात उत्तरं पाठ होत नाहीत, घटनांचा क्रम मात्र डोक्यात बसतो.

दुभाष्याबद्दल सोलापूरकरांना जरा जास्त सांगायला हवं. आपल्या गावात घरात तेलुगू किंवा कन्नड, मोहल्ल्यात उर्दू, बाजारात मराठी. अर्जात भाषेचा रकाना येतो तेव्हा पुष्कळजण आईची भाषा लिहून मोकळे होतात. आणि दुभाषी येतो विजयवाड्याकडचा. आपल्या शहराच्या पूर्व भागातली मराठी-कन्नड मिसळलेली तेलुगू त्याला धड कळत नाही, त्याची आपल्याला कळत नाही. ज्या भाषेत तुम्ही पोलिसांशी बोललात, भांडलात, तक्रार लिहिलीत, ती भाषा मागा. आणखी एक. आपल्याकडं चुलतभाऊ, मावसभाऊ, शेजारचा, सगळे भाऊच. अर्जात सख्खा भाऊ एकच लिहिलाय आणि तोंडात तीन भाऊ आले, की अधिकाऱ्याला वाटतं कुटुंबच खोटं आहे. नातं फोडून सांगा: चुलत्याचा मुलगा, मावशीचा मुलगा.

ब्रिटनमध्ये आणि कॅनडात दुभाषी सरकारकडून मिळतो. अमेरिकेत असायलम ऑफिसच्या मुलाखतीला इंग्रजी येत नसेल तर दुभाषी आपणच न्यायचा असतो; तो 18 वर्षांवरचा हवा, आणि तुमचा वकील किंवा तुमचा साक्षीदार चालत नाही. अमेरिकेतच अर्ज साधारणपणे पोचल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. अपवाद आहेत, पण अपवादावर विसंबून राहू नये. नियम बदलत असतात, म्हणून तारखेआधी तिथल्या परवानाधारक वकिलाला गाठा. बाईमाणसाला स्त्री अधिकारी मागता येते. अत्याचाराबद्दल बोलायचं असेल तर आधीच कळवा. आणि तुम्ही सांगितलेलं तुमच्या देशाच्या सरकारला कळवत नाहीत. ही गोपनीयता न समजल्यामुळं कित्येक जण महत्त्वाचीच गोष्ट गिळून टाकतात, आणि अपिलात ती पहिल्यांदा सांगितली की "तेव्हा का नाही बोललात?" हा प्रश्न येतो.

कागद असतील ते न्या. एफआयआरची प्रत, दवाखान्याची चिठ्ठी, आलेली नोटीस. नसतील तर का नाहीत ते सांगा. पळून आलेल्या माणसाकडं फाईल नसते, हे त्यांनाही कळतं. पण पैसे देऊन बनवलेला कागद नेऊ नका. पक्षाच्या लेटरहेडवरचं पत्र, छापून घेतलेलं कात्रण, खोटा शिक्का, हे त्यांनी ढिगानं पाहिलेलं आहे. एका खोट्या कागदामुळं खऱ्या केसची माती झालेली असते. अमेरिकेत तर जाणूनबुजून बनावट असायलम अर्ज केल्याचं ठरलं, तर तिथल्या इमिग्रेशनच्या जवळजवळ सगळ्या सवलती कायमच्या बंद होतात. एजंटचं काहीच जात नाही, तो पुढच्या गिऱ्हाइकाला तीच स्टोरी नाव बदलून विकतो. आणि एकच स्टोरी चौथ्यांदा ऐकणारा अधिकारीही त्याच टेबलावर बसलेला असतो.

पासपोर्ट, अर्जाची प्रत, मुलाखतीच्या बोलावण्याचं पत्र, यांतलं काहीही एजंटकडं ठेवू नका. शेवटी काही सांगायचं आहे का असं बहुधा विचारतात. राहिलेलं असेल तर सांगा, नसेल तर नाही म्हणा; भाषण करू नका. मुलाखतीची नोंद वाचून दाखवली तर झोपेत असल्यासारखं ऐकू नका, चुकलेलं तिथंच दुरुस्त करून घ्या. आणि घर बदललं तर नवा पत्ता लेखी कळवा. मित्राच्या खोलीवर राहणारी पोरं वर्षात चार पत्ते बदलतात, नोटीस पहिल्याच पत्त्यावर जाते. अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टात तारखेला माणूस आला नाही, तर त्याच्या माघारी हद्दपारीचा हुकूम होऊ शकतो, मग केस कितीही खरी असो.

नमस्कार.