टेक्सासची साडेआठ टक्क्यांची रेघ

टेबलाच्या एका बाजूला आई-बाबा. समोर वर्गशिक्षिका, विशेष शिक्षिका, चाचण्यांचे निष्कर्ष उलगडून सांगणारे मानसशास्त्रज्ञ, आणि स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचा, एक अधिकारी. डिस्ट्रिक्टकडे काय उपलब्ध आहे याची माहिती असलेलं माणूस बैठकीला हवंच, असं अपंग मुलांच्या शिक्षणाबाबतचा अमेरिकेचा कायदा सांगतो.

इथे तयार होतो तो आयईपी, म्हणजे एकाच मुलासाठीचा शिक्षणाचा आराखडा. यात मोघम लिहून भागत नाही. वाचा-उपचार द्यायचे, तर किती वेळा, किती मिनिटं, कुठे, कोणत्या तारखेपासून, सगळं नोंदवायचं. समजा, आठवड्यातून दोनदा, तीस-तीस मिनिटं. अशा शेकडो आराखड्यांतली मिनिटं जोडत गेलं की डिस्ट्रिक्टला कळतं, पुढच्या वर्षी थेरपिस्ट किती लागणार, मदतनीस किती, व्हीलचेअर चढवता येईल अशा बस किती. हिशेब मुलापासून सुरू होऊन वर जातो. तो तसाच व्हायला हवा.

१९७५ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी या कायद्यावर सही केली, तेव्हा दहा लाखांहून जास्त अपंग मुलांना सरकारी शाळांची दारं बंद होती. जादा खर्चाचा ४० टक्क्यांपर्यंत वाटा केंद्र उचलेल, असं तेव्हा ठरलं. तेवढा वाटा आजवर एकदाही आलेला नाही. उरलेला भार राज्यांवर आणि स्थानिक करांवर पडतो, आणि हात आखडता घ्यायचा मोह तिथेच होतो.

टेक्सासात तो मोह धोरणच बनला. २००४ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने डिस्ट्रिक्टांच्या तपासणीत एक मापदंड घातला: विशेष शिक्षण घेणारी मुलं एकूण विद्यार्थ्यांच्या साडेआठ टक्क्यांच्या आत असावीत. देशाची सरासरी होती तेराच्या आसपास. वरून आकडा आला आणि खाली मुलं कमी होत गेली. कुणाची चाचणी लांबवली, कुणाला 'आधी वर्गातच जादा मदत देऊन बघू' म्हणत ताटकळत ठेवलं. ज्या वयात वाचायला शिकायचं, ती वर्षं वाट बघण्यात गेली. याला अन्यायच म्हणायला हवं.

२०१६ मध्ये 'ह्यूस्टन क्रॉनिकल'ने हे उघड केलं. २०१७ मध्ये विधिमंडळाने अशा मर्यादेवर बंदी घातली, आणि जानेवारी २०१८ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने कायदाभंग झाल्याचा निष्कर्ष दिला. सुटलेली मुलं शोधून त्यांची भरपाई करण्याचं काम डिस्ट्रिक्टांवर आलं.

ह्यूस्टन, डॅलसकडे मराठी घरंही पुष्कळ आहेत. घरी मराठीच बोलणाऱ्या मुलाची चाचणी, शक्य असेल तिथे, त्याच्या भाषेत घ्यावी, आणि गरज असेल तर पालकांना बैठकीत दुभाषी मिळावा, हेही याच कायद्यात आहे. शाळेशी नुसतं तोंडी बोलून थांबू नका, चाचणीची मागणी लेखी द्या. टेक्सासात लेखी मागणीला शाळेच्या कामकाजाच्या १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. पालकांनी लेखी संमती दिली की सर्वसाधारणपणे शाळेच्या कामकाजाच्या ४५ दिवसांत अहवाल तयार व्हावा लागतो.