पाचव्या इनिंगमध्ये सहा बाद: यांकीजची फलंदाजी आणि क्षेत्ररक्षण

मंडळी, न्यूयॉर्क यांकीज या आपल्या बेसबॉल संघाबद्दल बोलायला लागलं की गाडी होमरनवरून, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार करणाऱ्या फटक्यावरून, सुरू होते. मी आज ती क्षेत्ररक्षणावरून सुरू करणार आहे, आणि त्यातही एकाच इनिंगवरून. (इनिंगमध्ये दोन्ही संघ आळीपाळीने बॅट घेतात, तीन बाद झाले की पाळी संपते.) ३० ऑक्टोबर २०२४, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेचा, पाचवा सामना, ब्राँक्समधलं यांकी स्टेडियम, समोर लॉस एंजेलिस डॉजर्स. मालिकेत आपण १-३ ने मागे होतो, पण आदल्या रात्रीच ११-४ असे दणदणीत जिंकलो होतो. या सामन्यातही तिसऱ्या इनिंगपर्यंत ५-० अशी आघाडी. जज, चिझम आणि स्टँटन, तिघांचे होमरन. आपला पिचर, म्हणजे गोलंदाज, गेरिट कोल याने चार इनिंगमध्ये एकही हिट (बेस गाठून देणारा फटका) दिलेला नव्हता.

पाचवी इनिंग सुरू झाली. डॉजर्सच्या किके हर्नांडेझने सिंगल (फर्स्ट बेसपर्यंत नेणारा फटका) मारला, तो त्याचा हक्काचा. पुढचा टॉमी एडमन. त्याचा फटका हवेतून थेट सेंटर फिल्डला, मैदानाच्या मागच्या मधल्या भागात, आरन जजकडे गेला. जज दोन पावलं पुढे आला, चेंडू ग्लव्हमध्ये लागला आणि निसटला. मोठ्या लीगमधला सेंटर फिल्डर असे झेल डोळे मिटून घेतो. मग विल स्मिथने जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) मारलं. अँथनी व्होल्पीने चेंडू अडवला आणि तिसऱ्या बेसवर फेकला. फेक तोकडी पडली, टप्पा पडून उडाली, तिथे उभ्या चिझमला ती सावरता आली नाही. तिन्ही बेस भरलेले, बाद कोणीच नाही.

इथे कोलला मी मनापासून दाद देतो. त्याने गॅव्हिन लक्सला स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं, आणि पाठोपाठ शोहेई ओहतानीलाही. आता एकच बाद हवा होता. मुकी बेट्सने फर्स्ट बेसच्या बाजूला हळू, गिरकी घेणारा चेंडू मारला. अँथनी रिझोने तो नीट धरला. पण फर्स्ट बेसवर कोणीच नव्हतं. तिथे पोचायचं काम पिचरचं. कोल आधी चेंडूच्या रोखाने धावला, मग थांबला आणि रिझोकडे बोट दाखवून उभा राहिला. बेट्स जीव तोडून धावत होता. पोचला. पहिली धाव आली.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. नॉनस्ट्रायकरच्या टोकाला थ्रो येताना गोलंदाजाने स्टंपमागे जाऊन उभं राहायचं असतं, हे आपल्याला गल्लीतच शिकवलेलं असतं. हेही तेच काम. अमेरिकेत शाळकरी पिचरकडून ते दर सरावाला करून घेतात. वर्षानुवर्षं अव्वल पिचर राहिलेल्या माणसाकडून ते नेमकं त्या क्षणी झालं नाही.

त्यानंतर फ्रेडी फ्रीमनचा दोन धावांचा सिंगल, टिऑस्कर हर्नांडेझचा दोन धावांचा डबल (सेकंड बेसपर्यंतचा फटका), आणि ५-५. तीन बाद करायच्या जागी कोलला सहा करावे लागले. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. जजची आणि व्होल्पीची चूक एरर (क्षेत्ररक्षणातली चूक) म्हणून नोंदली गेली, पण फर्स्ट बेस मोकळा राहिला त्याची नोंदच नाही. स्कोअरबुकात बेट्सच्या नावावर सिंगल लागला. म्हणून नुसता एररचा रकाना वाचून संघाचं क्षेत्ररक्षण कळत नाही. सगळ्यात महाग पडलेला प्रसंग त्या रकान्यात आलेलाच नाही.

त्या रात्री ते तिथेच थांबलं नाही. आपण ६-५ असे पुन्हा पुढे गेलो होतो. आठव्या इनिंगमध्ये डॉजर्सनी बरोबरी साधली, मग ओहतानी बॅट फिरवत असताना कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) ऑस्टिन वेल्सचा ग्लव्ह बॅटला लागला आणि ओहतानीला फर्स्ट बेस फुकट मिळाला. बेस पुन्हा भरले. बेट्सच्या सॅक्रिफाइस फ्लायवर (झेल जातो, पण बेसवरचा खेळाडू धाव घेतो) सातवी धाव. ७-६, मालिका संपली. पहिल्या सामन्याचंही लोक फ्रीमनचा दहाव्या इनिंगमधला ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असतानाचा होमरनच आठवतात. पण आठव्या इनिंगमध्ये ओहतानीच्या डबलनंतर आलेला थ्रो सेकंड बेसवर ग्लेबर टोरेसला धरता आला नाही, ओहतानी थर्डला गेला आणि बेट्सच्या फ्लायवर धावून आला. त्याच धावेने बरोबरी झाली. ती धाव रोखली असती तर दहावी इनिंग आलीच नसती.

यावर लोक जजला धारेवर धरतात. मला ते मान्य नाही. माझं म्हणणं असं की हा संघ बांधतानाच बॅट आधी मोजली गेली, आणि कोण कुठे उभा राहील ते नंतर ठरवलं. जज मूळचा राइट फिल्डचा. हुआन सोटो आला, राइट फिल्ड त्याला दिलं आणि साडेसहा फुटांहून उंच, धिप्पाड जजला सेंटरला लावलं, जिथे सर्वांत जास्त धावाधाव. चिझमला जुलै २०२४ मध्ये मायामीकडून आणलं आणि त्याआधी मोठ्या लीगमध्ये कधीच न खेळलेल्या थर्ड बेसवर उभं केलं. रिझो तर हाताची बोटं मोडलेली असताना खेळत होता. त्याच्या जिद्दीला सलाम, पण पर्याय तयार नव्हता हे संघाचं दुबळेपण.

बरं, एवढं देऊन फलंदाजी तरी भरभक्कम होती का? २०२४ मध्ये यांकीजचे २३७ होमरन झाले, सर्व संघांत सर्वाधिक. त्यातले जजचे ५८ आणि सोटोचे ४१, म्हणजे दोघांचे मिळून ९९. आता खाली उतरा आणि फलंदाजीची सरासरी बघा (.२४३ म्हणजे हजार संधींमागे २४३ हिट). व्होल्पी .२४३, व्हर्डुगो .२३३, वेल्स .२२९, रिझो .२२८ आणि त्याचे होमरन ८. वरचे तीन-चार जण आटपले की पुढची इनिंग नुसती जायची. त्यात बेसवरचं धावणं कच्चं. तिसऱ्या सामन्यात व्होल्पीच्या सिंगलवर स्टँटन धाव पूर्ण करायला होम प्लेटकडे निघाला आणि टिऑस्करच्या थ्रोवर सहज बाद झाला. असा संघ एकेक धाव जमवू शकत नाही, त्याला होमरनचीच वाट बघावी लागते. मग हातातली आघाडी क्षेत्ररक्षणातून गेली की परत मिळवायचा दुसरा रस्ता उरत नाही.

सोटो न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाकडे, मेट्सकडे गेला, तेव्हा पुष्कळांनी हळहळ केली. पण २०२५ ची मांडणी मला जास्त शहाणपणाची वाटली. फर्स्ट बेसला पॉल गोल्डश्मिट, आउटफिल्डला कोडी बेलिंजर, जज पुन्हा राइटला, चिझम सेकंडला. जुलैत थर्ड बेससाठी रायन मॅकमहन आणला. त्याची बॅट थंडच होती, .२१४. तरीही माझा त्याला पाठिंबा होता आणि आहे. बोस्टन रेड सॉक्सविरुद्धच्या वाइल्ड कार्डच्या (प्लेऑफ म्हणजे बाद फेरीचा पहिला टप्पा) निर्णायक सामन्यात त्याने फाउल, म्हणजे रेषेबाहेर गेलेल्या, चेंडूचा पाठलाग करत थेट रेड सॉक्सच्या डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बसण्याच्या जागेत) कोसळत घेतलेला झेल बघा. चेंडू ग्लव्हमध्ये शाबूत. थर्ड बेसला असा माणूस असला की पिचरला फटका जमिनीवर काढायला भीती वाटत नाही.

शॉर्टस्टॉपची जागा मात्र दुखरी राहिली. व्होल्पी २०२३ मध्ये गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळवलेला पोरगा. २०२५ मध्ये त्याच्या १९ एरर झाल्या. डावा खांदा दुखावलेला घेऊन तो महिनोन् महिने खेळत होता आणि मोसम संपल्यावर शस्त्रक्रिया झाली. इथे मी व्यवस्थापनाला दोष देतो, खेळाडूला नाही.

आणि ऑक्टोबरात काय झालं? जजने प्लेऑफमध्ये .५०० च्या सरासरीने फटकावलं. यापेक्षा जास्त कोणत्या फलंदाजाकडून मागणार? तरी टोरांटोने आपल्याला ३-१ ने घरी पाठवलं. पहिल्या दोन सामन्यांत १० आणि १३ धावा खाल्ल्या, तिथे पिचिंगचाच बोजवारा होता, क्षेत्ररक्षणाला बोल लावण्यात अर्थ नाही. पण चौथ्या सामन्यात सातव्या इनिंगमध्ये डबल प्ले (एकाच फटक्यावर दोघे बाद) होण्याजोगा चेंडू चिझमच्या हातून सुटला आणि त्याच इनिंगमध्ये नेथन लूक्सच्या सिंगलवर दोन धावा आल्या. सामना ५-२ ने गेला.

मघाशी एका काकांनी विचारलं की मग २०२६ च्या मोसमात शॉर्टस्टॉपला कोण हवा? माझं उत्तर होझे काबालेरो. २०२५ मध्ये त्याने ४९ बेस चोरले (म्हणजे फटक्याची वाट न बघता धावून पुढचा बेस गाठला), अमेरिकन लीगमध्ये सर्वांत जास्त. म्हणजे धावण्याची आपली जुनी उणीवही तो भरून काढतो. होमरन कमी मारेल, मारू दे. व्होल्पीचा खांदा पूर्ण बरा होईपर्यंत त्याला मैदानात घाईने उतरवू नये, आणि बरा होऊन आला की जागा त्याने काबालेरोशी स्पर्धा करून मिळवावी. नाव मोठं आहे म्हणून ती राखून ठेवू नये.