पानाच्या कडेतली अंडी

कॅलिफोर्नियातलं सॅन वाकीन खोरं. नेव्हल जातीच्या संत्र्यांची बाग, शरदाचे दिवस.

पानावरच्या या नाकतोड्यासारख्या किड्याच्या मादीकडे नीट पाहा. तिनं पोट पुढं वाकवलंय आणि अंडी घालायची कोयत्यासारखी वाकडी नळी थेट तोंडापाशी आणलीय. पानाची कड आधीच कुरतडून ठेवलेली. आता जबड्यानं नळी धरून ती त्या कडेवर टेकवते आणि सावकाश आत सरकवते. वरचा पापुद्रा वर, खालचा खाली, मधोमध अंडं. चपटं, करडं. एवढं करूनही पान शाबूत.

ही फोर्क-टेल्ड बुश कॅटीडिड, आपल्याकडच्या लांब मिशांच्या नाकतोड्यांची भाऊबंद. नराच्या शेपटाला टोकाशी दुबेळकं असतं, त्यावरून तो ओळखू येतो.

अंडी अख्खा हिवाळा पानातच काढतात. वसंतात पिल्लं बाहेर पडतात. हे बघा एक. अंगापेक्षा मिशा लांब, त्यांवर काळे-पांढरे पट्टे. पंख अजून फुटायचेत. ते पान खातं, वाढतं, कात टाकतं आणि टाकलेली कातही खाऊन टाकतं. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली ही बारीक खाच दिसते ना? तो त्याचा कान.

याच सुमाराला संत्र्याची फुलं गळून बारीक फळं धरतात. पिल्लू एका फळाचा चावा घेतं आणि दुसऱ्यावर जातं. फळ वाढतं तसा सालीवरचा डाग पसरतो, आणि डागी फळाला बाजारात भाव मिळत नाही.

पण झाडाला याचा फारसा त्रास नाही. पानं कुरतडली तरी झाड ते सहज भरून काढतं. शिवाय अंड्यांवर राखण आहेच. काही चिमुकल्या गांधीलमाश्या कॅटीडिडच्या अंड्यातच आपलं अंडं घालतात. मग त्यातून पिल्लू येत नाही, गांधीलमाशी येते. सरसकट विषारी फवारा मारला की ही राखणही मरते. म्हणून फुलं गळताना आधी फांद्या तपासा, पिल्लं किती आहेत ते बघा, मगच पंपाला हात घाला.

रात्र झाली. नर डावा पंख उजव्यावर घासतोय. ऐका, तुटक आवाज. मादी बारीक टिकटिक करून उत्तर देते, आणि त्या टिकटिकीच्या रोखानं नर पानापानावरून निघाला.