आईची नक्कल आणि टीव्हीवरची आई : मार्गारेट चो यांची कारकीर्द

नमस्कार. आईच्या बोलण्याची नक्कल करून नाव कमावलेल्या एका मुलीला टीव्हीवाल्यांनी बोलावले, तिच्या घरासारख्या घरावर मालिका काढली आणि त्या मालिकेत आईचे काम दुसऱ्या अभिनेत्रीला दिले. वरकरणी यात वावगे काहीच नाही, कारण पंचविशीतली मुलगी स्वतःच्याच आईचे काम कसे करणार? तरीही अमेरिकन विनोदकार मार्गारेट चो यांच्या मालिकेचे जे झाले, त्याचे मूळ मला भूमिकांच्या या साध्या वाटपातच दिसते. आज त्याविषयी बोलू.

चो यांचा जन्म १९६८ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोमधला. आईवडील कोरियातून आलेले. पोक स्ट्रीटवर त्यांचे पुस्तकांचे दुकान होते. वडील कोरियन भाषेत विनोदांची पुस्तके लिहीत, त्यामुळे थट्टामस्करी त्या घराला परकी नव्हती. दुकानाजवळच्याच एका क्लबात चो कुमारवयातच माइकसमोर उभ्या राहू लागल्या. पुढे त्यांनी एक स्पर्धा जिंकली आणि बक्षीस म्हणून त्यांना नामवंत विनोदकार जेरी साइनफेल्ड यांच्या कार्यक्रमाआधी आपले सादरीकरण करण्याची संधी मिळाली.

चो करतात ती आईची नक्कल नीट पाहण्यासारखी आहे. बोलता बोलता त्या थांबतात, मान खांद्यांत ओढतात, डोळे बारीक करतात, आवाज खाली आणतात, आणि त्या क्षणी समोर मुलगी उरत नाही, आई उभी राहते. पुढच्याच क्षणी मान वर होते आणि मुलगी परत येते. प्रेक्षक हसतात ते केवळ आईच्या उच्चारांना नव्हे. एवढ्या बारकाव्याने आईला टिपणाऱ्या मुलीचा वैताग आणि तिची माया, दोन्ही त्याच चेहऱ्यावर एकदम दिसतात, त्याला ते हसतात. थट्टा करणारी आणि जिची थट्टा होते ती, अशा दोघी एकाच देहात असल्यामुळे त्या थट्टेला विखार राहत नाही.

त्या काळी एबीसी या अमेरिकन वाहिनीला स्टँडअप, म्हणजे मंचावर एकट्याने विनोद सांगणाऱ्या, कलाकारांभोवती मालिका बांधण्याची चटकच लागली होती. रोझॅन बार यांची मालिका १९८८मध्ये सुरू होऊन तुफान चालली होती. पाठोपाठ टिम ॲलन, ब्रेट बटलर आणि एलेन डिजेनेरेस यांच्याही मालिका आल्या. त्याच वाटेने १४ सप्टेंबर १९९४ रोजी ‘ऑल अमेरिकन गर्ल’ सुरू झाली. सॅन फ्रान्सिस्कोमधले पुस्तकांचे दुकान चालवणारे किम कुटुंब आणि त्या घरातली मनस्वी मुलगी मार्गारेट, म्हणजे सामग्री सगळी चो यांच्याच घरची होती. फक्त ती शिजवणारे हात दुसऱ्यांचे होते.

आता रंगमंचावरचा तो विनोद या मालिकेत ठेवून पाहा. आई झाल्या होत्या जोडी लाँग, उत्तम अभिनेत्री. पण आता आईचे बोलणे आईच्याच तोंडून थेट येते आणि मुलगी सोफ्यावर बसून त्यावर डोळे फिरवते. मधला तो पाहणारा डोळा, जो सगळ्या विनोदाचा प्राण होता, तो नाहीसा होतो आणि हाती उरते ती परक्या उच्चारांत बोलणारी करडी आई, जिच्यावर हसावे असे मालिकेचेच म्हणणे आहे असे वाटू लागते. कोरियन अमेरिकन प्रेक्षकांपैकी अनेकांना ते रुचले नाही. शिवाय कुटुंबातले बहुतेक कलाकार कोरियन वंशाचे नव्हते, तेही त्यांना खटकले. टीव्हीचे वेड असलेली आजी मात्र छान जमली होती, आणि त्याचे श्रेय एमी हिल यांना द्यायलाच हवे.

पडद्यामागचा प्रकार चो यांनी स्वतः पुढे जाहीरपणे सांगितला आहे. त्यांचा चेहरा फार भरलेला दिसतो, अशी तक्रार वाहिनीकडून आली आणि त्यांनी दोन आठवड्यांत तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास, वजन उतरवले. परिणामी मूत्रपिंडे निकामी होऊन त्यांना रुग्णालयात जावे लागले. लक्षात घ्या, भूमिका होती स्वतःचीच, आणि स्वतःचे काम करायला त्या स्वतः जाड ठरत होत्या! कधी त्या पुरेशा आशियाई वाटत नाहीत, तर कधी जरा जास्तच आशियाई वाटतात, असेही त्यांना ऐकावे लागले. अखेर आशियाईपण कसे असावे हे समजावण्यासाठी एक सल्लागार नेमण्यात आला.

तेच सारे रोझॅन यांच्या बाबतीत वेगळे घडले होते. लेखनावर ताबा कोणाचा, यावरून पहिल्याच वर्षी त्यांचे मालिकेच्या निर्मात्या-लेखकाशी बिनसले आणि जावे लागले ते त्या लेखकाला. पण तेव्हा मालिका जोरात होती, आणि चालत्या मालिकेची नायिका आवाज चढवू शकते. चो यांच्या हाती ते बळ नव्हते. शेवटच्या भागात तर आजी सोडून सगळे कुटुंबच हटवून मार्गारेटला तरुण मित्रांबरोबर राहायला पाठवले गेले. १९ भागांनंतर, १५ मार्च १९९५ रोजी मालिका संपली. आशियाई अमेरिकन कुटुंबावरची मालिका पुन्हा अमेरिकेच्या मोठ्या वाहिनीवर यायला २०१५ साल उजाडले.

मधली काही वर्षे दारूत आणि नशेत गेली. १९९९मध्ये मात्र चो यांनी हीच सारी हकीकत घेऊन न्यूयॉर्कमध्ये एकटीचा कार्यक्रम उभा केला. वाहिनीचे अधिकारी, तो सल्लागार, आई आणि स्वतः चो, सगळी पात्रे पुन्हा एकाच देहात परतली होती. मालिकेत न आलेला हशा मालिकेच्या पडझडीवर आला, आणि माझ्या मते चो यांचे सर्वांत भक्कम काम तेच आहे. पुढच्या वर्षी त्या कार्यक्रमाचा चित्रपटही प्रदर्शित झाला.

टीव्हीवर त्या परतल्या त्या आपल्या अटी घेऊन. २००८मध्ये व्हीएच-१ वाहिनीवरच्या त्यांच्या कार्यक्रमात त्यांचे खरेखुरे आईवडील कॅमेऱ्यासमोर आले. त्यानंतर २००९ ते २०१४ ‘ड्रॉप डेड दिवा’ या मालिकेत त्यांनी वकिलाची सहायक टेरी रंगवली. योगायोग असा, की त्या मालिकेची नायिका म्हणजे एका सडपातळ मॉडेलचा आत्मा असलेली जाड बांध्याची वकील! मात्र टीव्हीवरच्या कामासाठी दिल्या जाणाऱ्या एमी पुरस्कारासाठी २०१२मध्ये त्यांचे नामांकन झाले ते ‘थर्टी रॉक’ या विनोदी मालिकेतल्या पाहुण्या भूमिकेसाठी. त्यात चो झाल्या होत्या उत्तर कोरियाचे हुकूमशहा किम जोंग इल, म्हणजे पुन्हा एक नक्कलच, आणि या खेपेस ते पात्र दुसऱ्या कोणाला दिलेले नव्हते.